ड्रोन-उड्डाणक्षेत्र : नियमनाचा इतिहास

वैमानिक आत न बसता जमिनीवरून किंवा स्वयंचलित यंत्रणेने चालविल्या जाणाऱ्या विमानास मानवरहित विमान किंवा ड्रोन म्हणतात. असे विमान ज्या वायुक्षेत्रात व ज्या उंचीपर्यंत कायद्याने उडविता येते, ते त्याचे उड्डाणक्षेत्र होय. ‘ड्रोन’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ नर मधमाशी. ब्रिटिश लष्कराने १९३५ मध्ये तोफांच्या नेमबाजीच्या सरावासाठी रेडिओ-नियंत्रित लक्ष्यविमान वापरात आणले. त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणी माशी, असे होते व त्यावरूनच हा शब्द रूढ झाला असे सामान्यतः मानतात. ड्रोन कसे उडवावे हा तंत्राचा प्रश्न आता बराच सोपा झाला आहे. ते कोठे उडवावे, हा प्रश्न मात्र जुना व गुंतागुंतीचा असून त्यामागे आकाशाच्या मालकीचा सु. सातशे वर्षांचा वाद आहे.

नासिक शहराच्या पश्चिमेस त्र्यंबकेश्वर रस्त्यावरील सातपूर या औद्योगिक उपनगराचे उदाहरण या प्रश्नाचे स्वरूप समजण्यास उपयोगी पडते. मूळचे हे शेतीप्रधान गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत येथे झाल्यावर त्याचे स्वरूप पालटले आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या नासिक महानगरपालिकेत ते समाविष्ट झाले. येथील एखाद्या कारखानदाराला आपल्या शेडच्या छपराची पाहणी ड्रोनने करावयाची असेल, किंवा एखाद्या छायाचित्रकाराला लग्नाची वरात वरून टिपावयाची असेल, तर जमीन कोणाची हा प्रश्न चटकन सुटतो. तिच्यावरील साठ मीटर उंचीची हवा कोणाच्या अखत्यारीत येते, हे सांगण्यास मात्र सात-बाराचा उतारा उपयोगी पडत नाही.

आकाशाची मालकी : जमीन ज्याची, त्याचेच तिच्यावरील आकाश व तिच्याखालील पाताळ, अशा अर्थाचे एक लॅटिन वचन यूरोपीय विधिशास्त्रात प्रचलित होते. तेराव्या शतकातील बोलोन्याचा भाष्यकार आक्कुर्सियस याच्या टीकेशी त्याचा संबंध जोडतात. उडणारे यंत्र अस्तित्वात नव्हते तोवर या वचनाची परीक्षा झाली नाही. झाडाची शेजारी झुकलेली फांदी किंवा पुढे आलेली पागोळी एवढ्यापुरताच त्याचा उपयोग होई. माँगॉल्फ्ये बंधूंच्या फुग्याने १७८३ मध्ये माणूस हवेत नेला आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल १७८४ मध्ये, पॅरिसच्या पोलिसांनी परवान्याशिवाय फुगे उडविण्यास मनाई करणारा हुकूम काढला. हवाई कायद्याचा इतिहास लिहिणारे हा हुकूम आरंभबिंदू मानतात. त्यात मालकीचा विचार नव्हता. पेटता फुगा घरावर पडेल, ही साधी धास्ती होती. आकाशावरील पहिला निर्बंध विधिज्ञाने घातला नाही, तो पोलिसांनी घातला, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या पॅरिस करारात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील वायुक्षेत्रावर पूर्ण व अनन्य सार्वभौमत्व मान्य करण्यात आले. आकाश समुद्राप्रमाणे सर्वांना खुले असावे, हे मत तेथे मागे पडले. वैमानिकाविना उडणाऱ्या विमानांचा उल्लेख या करारात १९२९ च्या दुरुस्तीने आला. शिकागो येथे १९४४ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारातील आठव्या कलमाने, असे विमान दुसऱ्या राष्ट्रावरून त्याच्या खास परवानगीशिवाय नेता येणार नाही आणि ते मुलकी विमानांना धोका होणार नाही अशा रीतीने नियंत्रित असले पाहिजे, असे ठरविले. नवव्या कलमाने लष्करी गरज व सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी निषिद्ध क्षेत्रे ठरविण्याचा हक्क राष्ट्रांना दिला. आजच्या ड्रोन-नकाशांवरील तांबड्या रंगाचे मूळ या दोन कलमांत आहे.

राष्ट्राचा हक्क असा ठरला, तरी जमीनमालकाचे काय, हा प्रश्न उरलाच. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नॉर्थ कॅरोलायना राज्यातील कॉझ्बी नावाच्या कुक्कुटपालकाच्या शेतावरून लष्करी विमाने जेमतेम ८३ फुटांवरून जात. आवाजाने बिथरून त्याच्या सु. दीडशे कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या व धंदा बसला. सर्वोच्च न्यायालयाने १९४६ मध्ये जुने वचन आधुनिक जगात टिकणारे नाही असे सांगितले. परंतु जमिनीलगतच्या ज्या हवेचा मालक प्रत्यक्ष उपयोग करू शकतो, तीवर त्याचा हक्क असल्याचे मान्य करून त्यास भरपाई देवविली. इंग्‍लंडमध्ये १९७७ च्या बर्नस्टीन खटल्यात विमानातून घराचे छायाचित्र घेण्यास मालकाने हरकत घेतली होती. जमिनीच्या सर्वसामान्य उपभोगास आवश्यक तेवढ्याच उंचीपर्यंत मालकाचा हक्क पोहोचतो, असा निर्णय देऊन न्यायालयाने ती अमान्य केली. या दोन्ही निर्णयांत खालची व वरची हवा यांच्यामधील रेषा नेमकी कोठे, हे मोघमच राहिले. प्रवासी विमाने बरीच वरून जात असल्याने ते चालून गेले. ड्रोन उडते ते नेमके या मोघम पट्ट्यात.

भारतातील आरंभीचे कायदे : अलाहाबाद येथे फेब्रुवारी १९११ मध्ये विमानाने टपाल नेण्याचा प्रसिद्ध प्रयोग झाला व त्याच वर्षी भारतात हवाई यानांविषयीचा पहिला अधिनियम झाला. त्यानंतर १९३४ चा विमान अधिनियम व १९३७ चे विमान नियम आले. हा अधिनियम पुढे नव्वद वर्षे चालला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने त्याची जागा घेतली. विमान नियमांच्या पहिल्या परिशिष्टात निषिद्ध क्षेत्रांची एक छोटी यादी आहे. तीत तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्राबरोबरच मुंबईच्या मलबार टेकडीवरील पारशी समाजाच्या दखम्यांभोवतीचे १·६ किमी. त्रिज्येचे क्षेत्र येते. लष्करी ठाणे नाही, विमानतळ नाही. मृतांच्या अंत्यविधीचा एकांत भंगू नये, या कारणाने महाराष्ट्राच्या आकाशातील हा तुकडा विमानांना बंद करण्यात आला. अलीकडील नियमांत सुरक्षिततेची भाषा एवढी प्रबळ झाली आहे, की खाली राहणाऱ्यांच्या भावना व खाजगीपणा हेही निषेधाचे कारण होऊ शकते, याचा विसर पडावा. या यादीने तो पडू नये.

त्या काळी अशी यादी पुरेशी होती. विमान उडविणारे थोडे, ते सर्व परवानाधारक आणि प्रत्येक उड्डाण विमानतळावरील नियंत्रकास कळवूनच होई. ‘येथे उडता येईल का?’ हा प्रश्न सामान्य नागरिकाने विचारण्याचा प्रसंगच येत नसे.

बंदीपासून नकाशापर्यंत : तो प्रसंग स्वस्त ड्रोनांनी आणला. मे २०१४ मध्ये मुंबईतील एका उपाहारगृहाने लोअर परळहून वरळीला ड्रोनने पिझ्झा पोहोचविल्याची चित्रफीत प्रसिद्ध झाली आणि पोलिसांनी विचारणा सुरू केली. हे उड्डाण कोणत्या नियमाखाली वैध वा अवैध, हे स्पष्टपणे सांगणारा नियमच तेव्हा नव्हता. नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने ७ ऑक्टोबर २०१४ रोजी जाहीर सूचना काढून नियम होईपर्यंत मुलकी कामासाठी ड्रोन उडविण्यास मनाई केली. ही तात्पुरती मनाई चार वर्षांहून अधिक काळ टिकली. बंदी असूनही लग्नसमारंभांत व चित्रपटांच्या चित्रीकरणात ड्रोने उडतच राहिली. जो कायदा पाळणे जवळजवळ कोणालाच शक्य नसते, तो मोडण्याची सवय समाजास लागते. पुढील नियमांच्या वाटेत ही सवय मोठी अडचण ठरली.

डिसेंबर २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनी प्रथमच परवानगीचा मार्ग खुला केला. या नियमांत निषिद्ध क्षेत्रे शब्दांनी व अंतरांनी सांगितली होती : मुंबई, दिल्ली यांसारख्या मोठ्या विमानतळांच्या कुंपणापासून पाच किमी., इतर विमानतळांपासून तीन किमी., आंतरराष्ट्रीय सीमेपासून पंचवीस किमी., राज्याच्या राजधानीतील सचिवालयापासून तीन किमी. इत्यादी. ‘परवानगी नाही तर उड्डाण नाही’ या तत्त्वाने, अनुमतीचा संगणकीय संदेश मिळाल्याखेरीज ड्रोनची मोटरच सुरू होऊ नये, अशी योजना होती. कल्पना चांगली होती, परंतु बाजारातील बहुतेक ड्रोनांत तशी सोय नव्हती. शिवाय स्थानिक पोलिसांना उड्डाणाची आगाऊ वर्दी द्यावी लागे. मार्च २०२१ मध्ये आलेले पुढचे नियम कागदपत्रांच्या बाबतीत अधिकच जाचक होते. ते सहा महिनेही टिकले नाहीत.

२५ ऑगस्ट २०२१ रोजी ‘ड्रोन नियम, २०२१’ प्रसिद्ध झाले. त्याआधी दोनच महिने, २७ जूनच्या पहाटे, जम्मू येथील हवाई दलाच्या तळावर ड्रोनांनी स्फोटके टाकण्यात आली होती. अशा वेळी नियम कडक होतील अशी अपेक्षा असते. येथे उलट ते सैल करण्यात आले. भरावयाचे नमुने पंचवीसवरून पाचावर व शुल्काचे प्रकार बहात्तरवरून चारावर आणण्यात आले. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये ठरली. मात्र सर्वांत महत्त्वाचा बदल वायुक्षेत्राच्या बाबतीत झाला. २४ सप्टेंबर २०२१ रोजी महासंचालनालयाच्या ‘डिजिटल स्काय’ या संकेतस्थळावर संपूर्ण देशाचा वायुक्षेत्र-नकाशा ठेवण्यात आला व तो पाहण्यास नावनोंदणीचीही अट ठेवली नाही. नियमांनुसार या नकाशाची क्षैतिज सूक्ष्मता दहा मीटर किंवा त्याहून बारीक असावी लागते.

या नकाशात तीन रंग आहेत. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मी. (४०० फूट) उंचीपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किमी.च्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मी. (२०० फूट) होते. आठ किमी.च्या आत, तसेच या दोन्ही मर्यादांच्या वर, पिवळे क्षेत्र असून तेथे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी लागते. पूर्वी पिवळ्या क्षेत्राची व्याप्ती विमानतळापासून पंचेचाळीस किमी.पर्यंत होती, ती बारावर आल्याने अनेक शहरे एका रात्रीत मोकळी झाली. तांबड्या क्षेत्रात केवळ केंद्र सरकारच्या परवानगीने उडता येते. याशिवाय राज्य सरकारला, पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत, एखादे क्षेत्र एका वेळी जास्तीत जास्त ९६ तासांपर्यंत तात्पुरते तांबडे ठरविता येते. मात्र ते त्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे आवश्यक आहे. उड्डाणापूर्वी हे संकेतस्थळ पाहून त्या जागेसाठी काही निर्बंध आहे काय, याची खात्री करणे दूरचालकावर बंधनकारक आहे. नकाशा केव्हाही बदलू शकत असल्याने काल पाहिलेला नकाशा आज प्रमाण मानता येत नाही.

कायद्याच्या इतिहासात हा बदल लहान नाही. पूर्वी मोकळे आकाश ही परवानगीने मिळणारी सवलत होती. आता ते मूळ स्थिती झाले व निषेध दाखवून देण्याची जबाबदारी शासनावर आली. जमिनीच्या बाबतीत महाराष्ट्रात असेच काहीसे घडत होते. पुरंदर तालुक्यातील सोनोरी या गावी ड्रोनच्या साहाय्याने गावठाणाचे भूमापन करून घरमालकांना मिळकतपत्रिका देण्याचा प्रयोग झाला आणि एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या ‘स्वामित्व’ योजनेस त्याचा आधार मिळाला. जमिनीचा नकाशा करण्यासाठी ड्रोन आणि ड्रोनसाठी आकाशाचा नकाशा, असा हा परस्परसंबंध आहे.

यूरोपातील पद्धती : यूरोपीय संघाने २०१९ मध्ये केलेले समान ड्रोन-नियम ३१ डिसेंबर २०२० पासून लागू झाले. त्यांत उड्डाणांचे खुला, विशिष्ट व प्रमाणित असे तीन वर्ग असून खुल्या वर्गाची उंचीची मर्यादा भारताप्रमाणेच १२० मी. आहे. चालकाची पात्रता सर्व सदस्य-राष्ट्रांत एकच, परंतु कोठे उडावयाचे हे ठरविणारी ‘भौगोलिक क्षेत्रे’ पंधराव्या कलमानुसार प्रत्येक राष्ट्र स्वतंत्रपणे ठरविते व आपला नकाशा आपण प्रसिद्ध करते. त्यामुळे जर्मनीत मिळालेले प्रशस्तिपत्र फ्रान्समध्ये चालते, जर्मनीचा नकाशा मात्र चालत नाही. फ्रान्समध्ये लोकवस्तीतील सार्वजनिक जागांवरून खुल्या वर्गातील उड्डाण सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. जर्मनीत निवासी भूखंड, निसर्गरक्षित क्षेत्रे, महामार्ग व लोहमार्ग यांसाठी वेगळ्या अटी आहेत. निवासी भूखंडाचा हा उल्लेख अर्थपूर्ण आहे : जमीनमालकाचा खालच्या हवेवरील जुना हक्क तेथे नकाशात पुन्हा प्रकट झाला आहे. भारतीय नकाशात त्यास जागा नाही. हिरवा रंग म्हणजे शेजाऱ्याच्या गच्चीचे चित्रण करण्यास संमती, असा समज त्यामुळे होतो व तो चुकीचा आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्येच सांगितले आहे.

यूरोपात या कडकपणास तात्कालिक कारणही होते. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या वार्तांमुळे तो विमानतळ वारंवार बंद ठेवावा लागून सु. एक हजार उड्डाणांवर व एक लाख चाळीस हजार प्रवाशांवर परिणाम झाला. अपराधी सापडला नाही.

नासिक परिसराची स्थिती : नासिकचे आकाश महाराष्ट्रातील अधिक दाटीच्या आकाशांपैकी आहे. ईशान्येस ओझर येथे १९६४ पासून लढाऊ विमानांचा कारखाना असून तेथील धावपट्टीचा वापर प्रवासी विमानेही करतात. शहराच्या आग्नेयीस गांधीनगर येथे लष्करी हवाई दलाचे प्रशिक्षण विद्यालय, त्यापलीकडे देवळाली येथे तोफखान्याचे विद्यालय, आणि नासिकरोड येथे १९२५ पासूनचे प्रतिभूती मुद्रणालय व १९२८ पासूनचे चलार्थपत्र मुद्रणालय आहे. योगायोग असा, की भारतीय लष्करातील मानवरहित विमाने प्रदीर्घ काळ तोफखान्याकडे होती व नंतर ती लष्करी हवाई दलाकडे सोपविण्यात आली. या दोन्ही दलांची विद्यालये नासिकच्याच परिसरात आहेत.

सातपूर हे ओझरच्या धावपट्टीपासून सरळ रेषेत सु. चोवीस किमी.वर, म्हणजे बारा किमी.च्या वर्तुळाबाहेर पडते. गांधीनगरची धावपट्टी मात्र तेथून अवघी आठ-नऊ किमी. आहे. केवळ अंतराचे सूत्र लावले, तर आठ किमी.ची रेषा सातपूरच्या आसपासच येते आणि वसाहतीच्या पूर्वेकडील व पश्चिमेकडील कारखान्यांस वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात. अंतर मोजावयाचे ते धावपट्टीच्या मध्यापासून नव्हे, तर कुंपणापासून; शिवाय लष्करी आस्थापनांभोवतीचे तांबडे क्षेत्र या सूत्राने बांधलेले नसून केंद्र सरकार ते ठरवील तसे असते. म्हणून कागदावर कंपासाने वर्तुळ काढून निर्णय घेणे धोक्याचे आहे. प्रत्यक्ष भूखंड नकाशावर शोधून त्याचा रंग व उंचीची मर्यादा पाहणे, हाच मार्ग आहे.

तथापि नकाशा पाहिल्यानेही काम संपत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये गांधीनगरचे विद्यालय व शहरालगतची संरक्षण-संशोधन संस्था यांच्यावर रात्रीच्या वेळी अनोळखी ड्रोने दिसल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. तेव्हा शहर पोलिसांनी ड्रोनधारकांना आपापली ड्रोने पोलीस ठाण्यांत जमा करण्यास व कामापुरती परवानगीने नेण्यास फर्माविले. लष्करी ठाण्यांच्या शहरात पोलिसांची चिंता अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु असे आदेश ड्रोन नियमांखाली निघत नाहीत. ते शांतता व सुव्यवस्थेसंबंधीच्या सर्वसाधारण अधिकारांखाली निघतात. हे अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमात होते व जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमात आहेत. त्यांना ९६ तासांची मर्यादा नाही. असा आदेश दोन महिन्यांपर्यंत राहू शकतो. तो वायुक्षेत्र-नकाशावर दाखविण्याचे बंधनही नाही. परिणामी नकाशावर हिरवे असलेले सातपूर पोलिसांच्या आदेशाने प्रत्यक्षात बंद असू शकते, आणि संकेतस्थळ निष्ठेने पाहणारा छायाचित्रकार गुन्हेगार ठरू शकतो. ज्याला विद्यालयावर हेरगिरीच करावयाची आहे, तो आपले ड्रोन ठाण्यात जमा करीत नाही. या विसंगतीचा भार पडतो तो नियम पाळू पाहणाऱ्यावर.

प्रस्तुत लेखकाच्या मते, तात्पुरते तांबडे क्षेत्र जाहीर करण्याची तरतूद नियमांत असताना पोलिसांनी तिचाच उपयोग करावा, किंवा निदान स्वतंत्र आदेशही त्याच नकाशावर उमटवावेत, हे इष्ट आहे. ९६ तासांची मुदत अपुरी वाटल्यास क्षेत्र पुन्हा जाहीर करता येते. प्रत्येक वेळी कारण तपासले जाते, एवढाच काय तो त्रास. हा प्रश्न आता केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. दिंडोरी व निफाडकडील द्राक्षबागांत फवारणीची कामे ड्रोनने होऊ लागली आहेत आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशातील पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले. ढगाळ हवामानानंतरची फवारणी दोन दिवसही थांबू शकत नाही. मग तो आदेश कोणत्या वर्तमानपत्रात आला होता, हे शोधत बसण्यास त्या महिलांना वेळ कोठून मिळणार?

नासिक-त्र्यंबकेश्वर येथील २०२६-२७ चा सिंहस्थ कुंभमेळा ही या व्यवस्थेची मोठी कसोटी आहे. नासिकहून त्र्यंबकेश्वरास जाणारा मुख्य रस्ता सातपूरमधून जातो. पर्वकाळात गर्दीच्या डोक्यावर ड्रोन उडू न देणे योग्यच आहे. कोसळलेल्या ड्रोनने लाखोंच्या जमावात काय घबराट होईल, याची कल्पना करता येते. परंतु तो निषेध कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून आणि रस्त्याच्या कडेपासून किती मीटरपर्यंत, हे वसाहतीतील कारखान्यांना आधी नकाशावर दिसावे लागेल.